कपाळ वर, डोळे बारीक

गिरणीच्या वाइंडिंग खात्यात नोटीस लागली, तेव्हा ती वाचून दाखवायला राधाबाई स्वतः उभी राहिली. राधाबाई त्या खात्याची नायकीण, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या साठ-सत्तर बायकांवरची मुकादमीण. पंचावन्न उलटलेल्या बायकांना गिरणी घरी पाठवणार होती. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता. म्हणून दोन महिन्यांनी डॉक्टर येणार, एकेकीचं तोंड बघणार आणि वय ठरवणार.

“जाईबाई, तू आत्तापासूनच गाठोडं बांध,” राधाबाई म्हणाली. बायका हसल्या. नायकीण हसली की हसावंच लागे.

जाईबाई आपल्या मशीनकडे वळली. दोघी देवगडकडच्या एकाच वाडीतल्या, एकाच शिमग्याच्या आगेमागे जन्मलेल्या. दोघींना बावन्नावं चालू होतं. पण जाईबाईच्या तोंडावर गेल्या तीन वर्षांत दहा वर्षं चढली होती.

तीन वर्षांपूर्वी लालबागला गोळीबार झाला, त्या दिवशी तिचा नवरा कोंडीराम रस्त्यात गोळी लागून पडला. इस्पितळातून माणूस निरोप घेऊन गिरणीच्या दारात आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. निरोप राधाबाईकडे पोचला. जाईबाई उठली तर तिच्यामागे आणखी बायका उठतील, मशिनी बंद पडतील, वरचे साहेब आपल्याला बोलतील, म्हणून राधाबाईने तो पोटात ठेवला आणि साडेतीनला पाळी सुटल्यावर सांगितला. कोंडीराम दोनला गेला होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, “सारखा दाराकडं बघत होता.”

त्यावरून जाईबाई राधाबाईशी एका शब्दाने भांडली नाही. भांडून तिचं काय बिघडणार होतं? राधाबाईचं एकच असं होतं, जे गेलं तर ती उभी कोसळली असती. तिची नायकीणकी.

डिलाईल रोडवरच्या खोलीत जाईबाई आणि तिची मुलगी शैला दोघीच राहत. शैला परळच्या इस्पितळात लकवा झालेल्यांना व्यायाम शिकवण्याचं काम शिकत होती. तिचं शिक्षण संपायला अजून वर्ष होतं आणि घर आईच्या पगारावर चाललं होतं. नोटिशीचं ऐकून तिने आईला आरशासमोर बसवलं.

“स्नायू ज्या दिशेला ओढतो, तिला आडवी सुरकुती पडते,” ती म्हणाली. “कपाळाचा स्नायू उभा, म्हणून आठ्या आडव्या. डोळ्याभोवतीचा गोल, म्हणून कोपऱ्यात या रेघा. तेव्हा कपाळ आणि डोळे अजिबात हलवायचे नाहीत. काम फक्त गालांना.”

ओठ मिटून गाल डोळ्यांकडे उचलायचे आणि दहा मोजायचे. तोंडात हवा भरून ती या गालातून त्या गालात न्यायची. हे चालू असताना कपाळावर तळहात दाबून धरायचा. जाईबाई पहाटे उठून हे करी, शंभर वेळा. शेजारच्या कमलाबाईने एकदा दारातून पाहिलं आणि दाढ दुखते का म्हणून लवंग आणून दिली.

महिन्याभराने गाल खरंच वर आल्यासारखे दिसू लागले. ते व्यायामाने झालं की तीन वर्षांनी पहिल्यांदा रोज आरशात पाहिल्याने, हे शैलाला सांगता येईना.

राधाबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन शेजारी येऊन बसली. एरवी खात्यात ती साहेबी मराठी बोले. काम असलं की गावची भाषा निघे.

“तोंडार काय लावतंस गो?”

“काही नाही. व्यायाम करते. शैलाने शिकवलाय.”

“माका पण शिकव. डॉक्टर माझा पण तोंड बघतलो.”

जाईबाईने घास गिळला. तेवढ्या वेळात तिचं ठरलं.

“कपाळ वर खेच,” ती म्हणाली. “अजून वर. आता डोळे बारीक कर, उन्हात बघतेस तसे. वीस मोज.”

त्या दिवसापासून राधाबाई रोज तिच्यासमोर बसून कपाळ चढवी आणि डोळे बारीक करी. कातडी गोरी आणि पातळ, त्यात हावरटपणा. वीस सांगितले तर ती चाळीस करी.

“खूप ओढता गो.”

“ओढतं तेव्हाच लागू पडतं.”

“तू बरी आसंस. जुना काय मनात ठेवू नको.”

“नाही ठेवत. कपाळ वर.”

शैलाला कळलं तेव्हा ती रागावली. “आई, तू तिला नेमकं उलटं शिकवलंस. डॉक्टरने तिला काढलं तर?”

जाईबाईने कपाळावरचा हात काढला नाही. “आठ, नऊ, दहा,” ती म्हणाली आणि दुसरा गाल घेतला.

डॉक्टर आला त्या दिवशी राधाबाई रांगेत सगळ्यांत पुढे होती, तिच्यामागे जाईबाई. अर्धा तास राधाबाईचं कपाळ वर-खाली चाललं होतं.

“वय?” आत डॉक्टरने विचारलं.

“सेहेचाळीस,” राधाबाई म्हणाली, आणि दारात उभ्या जाईबाईकडे बोट करून पुढे म्हणाली, “ही जाईबाई आमच्या वाडीतलीच. हिने मला कडेवर खेळवलंय. साठीची सहज असेल.”

कारकुनाने ते लिहून घेतलं. डॉक्टरने राधाबाईची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे फिरवलं. कपाळावर चार आडव्या रेघा लाल उमटल्या होत्या, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत चुण्याच चुण्या.

“सेहेचाळीस कसली? अठ्ठावन्न लिहा.”

राधाबाईने दोन्ही हातांनी कपाळ झाकलं. ती भिंतीला टेकली. डॉक्टरने जाईबाईला खिडकीशी घेतलं आणि तो गोंधळला.

“बाई, तुम्ही तर पन्नाशीच्या दिसता. कडेवर खेळवलं म्हणते ती. खरं काय? ते खोटं असेल, दोघी एका वयाच्या असाल, तर मला तिचं पुन्हा बघावं लागेल. खरं असेल, तर तुमचं तोंड मला फसवतंय.”

राधाबाई पुढे सरकली. “जाये, सांग गो. एकाच शिमग्यातल्या आपण! साहेब, मी खोटं बोलले. हिला विचारा, ही खरं सांगेल.”

जाईबाईला सगळं लख्ख दिसलं. एक वाक्य, आणि दोघी उद्या आपापल्या जागी. तिची मजुरी, शैलाचं वर्ष, सगळं सलामत. आणि राधाबाईसुद्धा सलामत, नोटिशीच्या फळ्याजवळ उभी, बायकांना हसवत.

“कडेवर खेळवलंय साहेब,” ती म्हणाली. “नीट आठवतंय. दात यायचे होते हिला.”

“मग तुमचं वय?”

“तुम्ही अठ्ठावन्न लिहिलंत ना तिचं? त्यावर आठ-नऊ धरा.”

“बाई, तुमची नोकरी जाईल.”

“लिहा.”

राधाबाई खाली बसली. “सटवे, स्वतःचं पण वाटोळं केलंस,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की कारकुनालाही ऐकू गेला नसेल.

जाईबाई बाहेर आली. रांगेतल्या बायकांनी तिला घेरलं. राहिलीस की गेलीस, असं सगळ्या एकदम विचारू लागल्या.

“दोघी गेलो,” ती म्हणाली. शैलाला काय सांगायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पाळी संपायला दोन तास होते. ती आपल्या मशीनवर गेली आणि तुटलेलं सूत सांधू लागली.