वेताची खुर्ची, लोखंडी स्टूल

"यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही," म्हातारा लेखक नर्सला म्हणाला, "आणि बसलाच, तर त्या माणसाला आधी डोक्याच्या डॉक्टरकडे न्या. पण आमच्या जावयानं दुरुस्त केलेली लिफ्ट एकदा सात मजली इमारतीत नवव्या मजल्यावर गेली."

नर्सनं सलाइनची नळी चिमटीत धरून थेंब पाहिले. "आणि आठव्यावर?"

"आठव्यावर कशाला थांबेल? तिथं कुणी बटण दाबलं नव्हतं."

नर्स हसली. म्हाताऱ्याला तेवढं पुरे होतं. "नवव्यावर दार उघडलं. बाहेर ही भलीमोठी गच्ची, आणि एक बाई कपडे वाळत घालतेय. जावयाला म्हणते, आलाच आहात तर चिमटे धरा. आता आमचा जावई म्हणजे भिडस्त माणूस. दिवस कलेपर्यंत चिमटे धरून उभा! खाली आला तेव्हा एक चिमटा खिशात राहिला होता. घरी आहे. निळा. खोटं वाटत असेल तर आणून दाखवतो."

"बाबा," पलंगावरून लेक म्हणाली, "त्यांना कामं आहेत."

तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हसली की आतून मास्कवर वाफ धरायची. म्हाताऱ्याचा सकाळपासूनचा सगळा खटाटोप त्या वाफेसाठी चालला होता.

आळीत त्याला तोंडावर लेखकबुवा म्हणत आणि पाठ फिरली की थापाडे आजोबा. दोन्ही नावं त्यानं कष्टानं मिळवली होती. एका माणसानं किती प्रकारचं लिहावं याला काही धरबंध असतो, पण याला तो नव्हता. दवाखाना काढणाऱ्या मगरीच्या गोष्टी मुलांसाठी, खुनाच्या कादंबऱ्या मोठ्यांसाठी. मुंग्यांच्या वारुळाची माहिती मुलांना, मूळव्याधीची मोठ्यांना. विहीर कशी उपसावी यावर पुस्तक, पोहायला कसं शिकावं यावर पुस्तक, आणि हा गृहस्थ जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. एकदा छापखान्यात घोळ झाला आणि खुनाच्या कादंबरीला मुंग्यांचं कव्हर चढलं. शाळांनी ती गठ्ठ्यानं घेतली आणि एकाही मास्तराची तक्रार आली नाही, असं तो सांगे. मात्र हे तो खुर्चीत बसून सांगे, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

कारण त्या घरात खुर्चीचा आणि स्टुलाचा नियम होता.

लेक पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. व्हेल मासा रात्री झाडावर झोपतो, असं ती वर्गात छातीठोकपणे सांगून आली. माझ्या बाबांनी सांगितलंय, आणि बाबांनी प्राण्यांचं पुस्तक लिहिलंय! बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. पोरगी शाळा सुटेपर्यंत उभी राहिली, पण व्हेलला झाडावरून खाली उतरवायला तयार झाली नाही. संध्याकाळी लेखकाची बायको भंगारवाल्याकडून एक लोखंडी स्टूल घेऊन आली. ते तिनं त्याच्या वेताच्या खुर्चीशेजारी आदळलं.

"पोरीला कळलं पाहिजे, तुमचं काय खरं आणि काय बाता. बाता मारायच्या तर खुर्चीत बसा. स्टुलावर बसलात तर खरं बोलायचं. तुम्हाला माझी शपथ."

त्या दिवसापासून मगर खुर्चीत आणि मूळव्याध स्टुलावर. खुनाची कादंबरी लिहितानाही एखाद्या विषाचं प्रमाण आलं की बुवा खुर्चीतून उठत, स्टुलावर बसून तेवढी ओळ लिहीत आणि पुन्हा खुर्चीत येऊन खून पुरा करत. लोक हसायचे. घरात कुणी हसत नसे. लेक दहा वर्षांची असताना एकदा शाळेतून आली, दार ढकललं, तर बाबा स्टुलावर बसलेले. हातात पेन नाही, मांडीवर कागद नाही. ते तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं, आई गेली.

पुढं ती मोठी झाली आणि बापाच्या पुस्तकांची चित्रं काढू लागली. मगरीचा दात तिचा, वारुळातलं राणीचं दालन तिचं. शेवटचं पुस्तक मुलांसाठी होतं, फुप्फुसांविषयी. त्यातली फुप्फुसं तिनं गुलाबी, गुबगुबीत, दोन उशांसारखी काढली आणि रंग वाळेपर्यंत खोकत बसली. डॉक्टर तेव्हा सर्दी म्हणाले होते. दुखणं पुढं सर्दीच्या फार पल्याड गेलं.

"बाबा, सकाळपासून उभे का? बसा ना," ती आता म्हणाली.

दवाखान्यात पलंगाशेजारी बसायला एकच वस्तू होती, पांढरा रंग दिलेलं लोखंडी स्टूल. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "पाय मोकळे करतोय."

"बसा."

तो बसला. तिनं मास्क जरा बाजूला ओढला.

"माझ्या पोरीला, भिंगरीला, तुम्ही सांगायचं."

"काय सांगायचं?"

"वेड पांघरू नका, बाबा. तिच्या बाबांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तो लिफ्टशीसुद्धा खुणेनं बोलतो. तुम्ही सांगा. घरच्या स्टुलावर बसून. मला आईचं सांगितलंत तसं."

"अगं, तू बरी होशील आणि..." म्हातारा थांबला. स्टुलाची कडा मांडीत रुतत होती. पुढचं वाक्य काही येईना.

"शब्द द्या."

"दिला."

"हां." तिनं मास्क जागेवर ओढला. बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली, जड ओझं जिन्यानं वर न्यावं तशी. मग आतून म्हणाली, "त्या बाईचं पुढं काय झालं? नवव्या मजल्यावरच्या?"

म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. "ती बाई? अगं, तिच्याकडे कपडे कुणाचे वाळत असतात माहितीये? ढगांचे! उन्हाळ्यात ढग दिसत नाहीत ते का? कपडे धुवायला टाकलेले असतात, मग बाहेर कसे पडतील बापडे!"

मास्कवर वाफ धरली.

दुपारी जावई कामावरून थेट आला. नखांत ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. "बाबा, तुम्ही काही खाऊन घ्या," एवढंच म्हणाला आणि बायकोचा हात हातात घेऊन बसला. म्हातारा खाली जाऊन चहाचे दोन पेले घेऊन आला. वर आला तर जावई बाहेर, लिफ्टच्या दाराशी उभा. त्यानं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, दार मिटलं. तो आत गेला नाही. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "कधी?"

"तुम्ही खाली गेलात आणि..." जावयानं परत बटण दाबलं.

म्हाताऱ्यानं एक पेला त्याच्या हातात दिला. "घ्या. गार होईल." दोघांनी उभ्या उभ्या चहा प्यायला. मग म्हातारा आत जाऊन आला. बाहेर आला तेव्हा त्याचा चष्मा हातात होता आणि डोळ्यांवर नाही, हे त्याला कळलं नव्हतं.

"बाबा, भिंगरीला माझ्याच्यानं नाही सांगवणार," जावई म्हणाला. "तुम्ही पुस्तक लिहिलंय ना त्याच्यावर."

लिहिलं होतं. मोठ्यांसाठी, आईवडिलांसाठी, घरात मरण आलं तर लहानांना कसं सांगावं याविषयी. स्टुलावर बसून, ठाम हातानं. आई झोपली म्हणू नका, पोरं झोपायला घाबरतात. गावाला गेली म्हणू नका, पोरं वाट बघतात. पहिल्याच वाक्यात मेली असा शब्द वापरा. गोष्टी सांगू नका. लोकांनी रडत रडत पत्रं पाठवली होती, फार उपयोग झाला म्हणून.

"पोहण्यावरही लिहिलंय मी," म्हातारा म्हणाला.

जावई दवाखान्याची कामं उरकायला मागं राहिला. म्हातारा बसनं निघाला. खिडकीला डोकं टेकून त्यानं वाक्य तयार केलं. तुझी आई आज दुपारी मेली. तिची फुप्फुसं फार आजारी होती, ती थांबली. तुझ्यामुळं काही झालेलं नाही. छोटी वाक्यं, अवघड जोडाक्षर एकच, फुप्फुसांतलं. एखाद्या संपादकानं शाबासकी दिली असती. तो ती ओठांतल्या ओठांत घोकत राहिला. शेजारच्या माणसानं जरा सरकून घेतलं.

भिंगरीला दिवसभर तळमजल्यावरची शिंपीणबाई बघत असे. म्हातारा दारात दिसला तशी तिच्या हातातली कात्री कापडातच थांबली.

"गेली?"

त्यानं मान डोलावली.

"पोर आत्ताच वर गेलीय. चित्र घ्यायला म्हणाली." शिंपीणबाईनं पदरानं डोळे पुसले. "लेखकबुवा, मी सांगू का? बाईमाणसाच्या तोंडून..."

"नको. शब्द दिलाय."

"मग उभं राहून सांगू नका. पोरीला धरायला हात मोकळे ठेवा."

तो जिना चढला. एवढा जिना तो रोज चढत होता. आज मध्येच थांबून त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं. जसंच्या तसं आलं.

भिंगरी वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर आईनं अर्धं टाकलेलं मगरीचं चित्र, शेपटी अजून काढायची होती. बोटांत निळा चिमटा, तो ती करंगळीला लावत होती, काढत होती. आजोबा दिसताच सवयीनं उठली. आजोबा आले की खुर्ची रिकामी करायची, ही तिच्या घरची रीतच होती.

"बसा आजोबा. आईनं शेपटीचं काय सांगितलं? वळलेली की सरळ?"

म्हाताऱ्यानं भिंतीकडचं लोखंडी स्टूल ओढलं. फरशीवर ते करकरलं.

भिंगरीच्या हातातला चिमटा उघडा तो उघडाच राहिला.

"तुम्हाला लिहायचंय?"

"नाही."

"मग?"

तो बसला. स्टूल त्याच्या वजनानं किंचित डुगडुगलं, एक पाय कायमच आखूड होता. समोर आईसारखं कपाळ, आईसारखी हनुवटी पुढं काढून उभं राहायची तऱ्हा; शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर उभी राहिलेली पोर जणू हीच. हात मोकळे होते. वाक्य तयार होतं. मेली हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.

"यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही," त्याच्या तोंडून निघालं, "पण आज दवाखान्यात आई लिफ्टमध्ये बसली. बाबांनीच बटण दाबलं. पाचवा झाला, सहावा झाला, सातवा झाला, लिफ्ट थांबायचं नाव घेईना..."

त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. थांबवता येत नव्हता.

"...आणि नवव्यावर दार उघडलं. ती बाई होतीच तिथं. म्हणाली, बरं झालं आलीस, किती दिवस एकटीच वाळत घालतेय. जरा चिमटे धर. आता आपली आई कशी आहे तुला ठाऊकच आहे, कुणाला नाही म्हणवत नाही तिला, तेव्हा ती..."

भिंगरी रडली नाही. तिनं चिमटा खुर्चीच्या हातावर ठेवला, सावकाश, आवाज न करता. मग ती आजोबांच्या अगदी जवळ आली आणि त्यांच्या खाली बघत म्हणाली,

"आजोबा, ही खुर्चीतली गोष्ट आहे. तुम्ही स्टुलावर बसलायत."