बरणीचा पहिला दाखला

घर इतकं शांत होतं की धुण्याच्या मशीनमध्ये सुटून पडलेलं एक बटण काचेवर टकटक करायला लागलं, तेव्हा ती दचकलीच. साडेदहा झाले होते. बारा वाजता शब्दकोशाच्या कचेरीतून वर्षाचा शब्द जाहीर व्हायचा होता, आणि त्या शब्दाचा जन्म शोधायचं काम या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुणीतरी दोनच घास खाल्लेल्या सफरचंदाशेजारी चाललं होतं. ते कुणीतरी, म्हणजे तिची सहा वर्षांची लेक, सर्दीच्या निमित्तानं शाळा बुडवून टेबलाखाली चित्रं रंगवत बसलं होतं.

शब्द होता ‘बरणी भरली’. आता पुरे, आणखी ऐकायला माझ्यात जागा नाही, असं म्हणायचं असलं की वर्षभर जो तो हेच म्हणत होता. बैठक लांबली, बरणी भरली. ग्रुपवर उजाडताच चाळीस शुभेच्छा आल्या, बरणी भरली. ‘लोड घेऊ नको’ आणि ‘विषय कट’ या दोन पहिलवानांना बरणीनं शेवटच्या फेरीत चारी मुंड्या चीत केलं होतं. पण कोशात नुसतं गाजून भागत नाही. पहिला दाखला लागतो: कोण म्हणालं, कधी, कुणाला.

ती एकेक पायरी मागे चालली होती. अर्थसंकल्पावर मंत्री साडेतीन तास बोलले तेव्हा समोरच्या बाकावरचे एक म्हातारे सदस्य उठून म्हणाले होते, ‘अध्यक्ष महाराज, बरणी भरली,’ आणि सभागृह हसून लोटपोट झालं होतं. त्याच्या चार महिने आधी बसचालकांच्या संपातले फलक. त्याआधी एक विनोदवीर. आणि त्याच्याही आधी, हजारो व्हिडिओंखाली वाजणारा एकच तुकडा: धडधडता ठेका आणि उंदरासारखा किरटा केलेला आवाज. तो तुकडा पहिल्यांदा टाकणारं खातं सापडलं, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खात्याचं नाव होतं ‘बिनकामाची’. हे नाव घेऊन मिरवणारी जगात एकच होती, तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी.

भाचीनं कॉलेजच्या जिन्यात उभं राहून कुजबुजत फोन घेतला. “मावशी, तो व्हिडिओ तूच तर आईला पाठवला होतास. मी फक्त आवाज बारीक केला.”

तिनं दोन वर्षांपूर्वीचे फोटो भराभर उपसले. सापडला. लेकीचे नवे कापलेले केस बहिणीला दाखवायला काढलेला अकरा सेकंदांचा व्हिडिओ. केस दिसतात, पण ऐकू येते ती आईच. मोजे घाल, ते नाही, निळे, पाण्याची बाटली घेतलीस का, दात खरंच घासलेस की नुसता ब्रश ओला केलास. आणि मध्येच, बुटाच्या बंदावरून नजरही न काढता, चार वर्षांचा आवाज: “आई, माझी बरणी भरली.” त्यावर आईचं उत्तर काय, तर, “आणि रुमाल?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिला हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. कारण गेल्या वर्षी लेक असंच म्हणाली तेव्हा तिनं डोळे वटारले होते. हे मोबाइलवरचं बोलणं आपल्या घरात नको, असं बजावलं होतं. शब्दांच्या जिवावर पगार घेणाऱ्या आईनं लेकीचाच शब्द चोरीचा ठरवला होता, आणि पोरीनं तो निमूटपणे टाकून दिला होता.

आता मात्र आनंद पोटात मावेना, आणि त्याच आनंदात एक खडा लागला. कोशाचा जुना नियम होता, घरचा दाखला चालत नाही. एका संपादकानं पूर्वी बायकोचा शब्द हळूच घुसडला होता, तेव्हापासूनचा. खरं सांगावं तर अख्खी नोंद बाद होऊन मान ‘लोड’ला जायचा. विनोदवीराचं नाव लिहून मोकळं व्हावं, तर कुणाला कळणार होतं? पण मग शब्द लेकीपासून दुसऱ्यांदा हिरावला जाणार, तोही छापून.

अकरा वीसला तिनं संपादकबाईंना फोन लावला. कचेरीत पाठीमागे त्यांना सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. त्यांच्यानंतर कुणी बोलायचं नसे. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

“हा शब्द तू पेरलास का गं?” त्यांनी विचारलं.

“पेरते कसली बाई. मी तर ऐकलाही नाही. तिच्या बोलण्यावर मी रुमालाचं विचारलं.”

पूर्णविराम हसल्या. नोकरीच्या सहा वर्षांत तिनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. नियम पेरणाऱ्यांसाठी आहे, त्या म्हणाल्या, न ऐकणाऱ्यांसाठी नाही. मुलीचं नाव द्यायचं का? नको, ती म्हणाली, उद्या दाराशी कॅमेरे नकोत. “मग लिही,” बाई म्हणाल्या, “‘एक मुलगी, वय चार, आईशी बोलताना.’ आणि लवकर पाठव, माझ्या बरणीत जागा कमी आहे.”

बाराला शब्द जाहीर झाला. फोन टेबलावर नाचायला लागला. बहीण, भाची, नवरा, सगळे एकदम. तिनं तो तसाच नाचू दिला आणि टेबलाखाली शिरली. लेकीला जवळ ओढून तिनं कबूल केलं की तो शब्द तुझाच होता, आणि मी उगाच रागावले होते. मग नोंद वाचून दाखवली, अगदी ‘वय चार’पर्यंत.

लेकीनं खडू खाली ठेवला. नाक पुसलं. पुन्हा एकदा वाच म्हणाली, आणि पुन्हा ऐकताना कपाळाला आठी घालून बसली.

“आई, भरली की ती रिकामी कशी करायची? ते का नाही लिहिलंस?”