जुनी ठेवायची की नवी?

आमचा गुंड्या म्हणजे अतिशहाणा. आईला पासवर्ड लक्षात राहीना, तर या धाकट्याने तिच्या कॉम्प्युटरवर बोटाच्या ठशाने लॉगिन होणारा प्लगिन बसवला. इथवर ठीक. पण लॉगिनच्या फाइलीत स्वतःच्या हाताने एक ओळही घुसडली. आईने बोट टेकवलं की पडद्यावर यायचं, ‘आलीस का, आई? जेवलीस ना?’

"अरे, असल्या फाइलीत कुणी लाडाच्या गोष्टी लिहितं का?" मी झापलं होतं. सॉफ्टवेअरची पॅकेज बांधणं, ती बसल्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणं, हे माझं पोटापाण्याचं काम. तो हसला. "ताई, तुझ्या स्क्रिप्टला माया कुठून कळणार?"

गेल्या उन्हाळ्यात ट्रकने त्याला उडवलं.

आईला सांगितलं. ती ऊर फुटेस्तोवर रडली, झोपली, आणि उठून म्हणाली, "गुंड्या अजून आला नाही?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. शेवटी मी तोंडाला कुलूप लावलं. ती रोज बोट टेकवायची, ओळ वाचायची आणि पडद्याला सांगायची, "जेवले रे बाबा." तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

परवा सिस्टीम अपडेट झाली आणि त्याचा प्लगिन बंद पडला. आई पदराला बोट पुसून पुसून टेकवत राहिली. "मला आत घेत नाहीये," ती रडवेली होऊन म्हणाली. मी नवं पॅकेज बसवलं. मागोमाग त्या पॅकेजची स्क्रिप्ट सुरू झाली आणि मध्येच अडली. पडद्यावर प्रश्न आला: ‘लॉगिनची फाइल कुणीतरी हाताने बदललेली आहे. जुनी ठेवायची की नवी घ्यायची?’

हा प्रश्न मीच कितीतरी स्क्रिप्टमध्ये घातलाय. माणसाच्या हातचं न विचारता पुसू नये, हा आमच्या धंद्याचा नियम. जुनी ठेवली तर ती बंद पडलेल्या प्लगिनलाच शोधत बसणार आणि आईला आत जाता येणार नाही. नवी घेतली तर त्याची ओळ जाणार. ती मला परत लिहिता आली असती, चुटकीसरशी. पण मग ती माझी झाली असती, त्याची नाही. गाढवा, जाताना हेही माझ्याच गळ्यात मारून गेलास.

मी नवी घेतली.

आईने बोट टेकवलं. सगळं मुकाट्याने उघडलं. ती तशीच वाट बघत बसली.

"आज बोलला नाही तो. रागावलाय का?"

"हो, आई," मी म्हटलं. "माझ्यावर."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मग तूच आधी बोल त्याच्याशी. मोठी आहेस ना."