दिनेओ ब्राझीलला गेली

"मी आता जे सांगणार आहे, ते तुम्ही खरं मानणार नाही. पैज लावतो," मी म्हणालो. "पंच्याहत्तर वर्षांत माझं कोणीच खरं मानलेलं नाही, तुम्ही कुठून मानणार?"

"मग सांगता कशाला, नीळकंठराव?" शिरीष म्हणाला.

"तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

शिरीष आणि शुभदावहिनी आल्मेरे या डच शहरात राहतात, माझ्यासारखेच मुलांकडे येऊन. रविवारी आमच्याकडे जेवायला आले होते. जावई ऋषभ क्रिकेट खेळायला गेलेला, माझी मुलगी आसावरी सायकल काढून सामान आणायला. घरात आम्ही तिघंच. गाव कुठलं ते विचारू नका, इथल्या पालिकेचं नाव उगाच खराब व्हायला नको. समुद्र मागे सारून काढलेल्या जमिनीवर आहे, एवढं पुरे. समुद्र आमच्या डोक्याच्या वर असतो. बंधाऱ्यापलीकडून होडी जाते तेव्हा मला खालून तिचा तळ दिसतो. एका नावाड्याने तर वरून वाकून मला किती वाजले ते विचारलं होतं.

"झाली सुरुवात," शिरीष म्हणाला.

विषय काढला होता शुभदावहिनींनी. त्यांच्या बहिणीची जुई सप्टेंबरात इकडे शिकायला येणार, आणि या देशात खोली मिळणं किती कठीण ते सगळ्यांना ठाऊक. "तुमची वरची खोली वर्षभर रिकामी आहे म्हणे. का हो?" त्यांनी विचारलं. म्हणून मी सांगायला बसलो.

त्या खोलीत दिनेओ राहायची. दक्षिण आफ्रिकेतली, क्वाक्वा म्हणून डोंगराळ मुलूख आहे तिथली. वय सव्वीस. तिकडची पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी आली होती, शिष्यवृत्तीवर. विषय काय, तर जमिनीखालचं पाणी. तिच्या गावात नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, तेही आलं तर. शिकून परत जायचं आणि तिकडच्या पाणीखात्यात पाच वर्षं काम करायचं, ही शिष्यवृत्तीची अट. ती अट तिला इतकी आवडायची की जेवताना आम्हाला वाचून दाखवायची. निघताना गावाने तिच्या खांद्यावर एक जाड रंगीत घोंगडी घातली होती. गावातून परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच.

आणि सवय बघा. इथे नळ उघडला की चोवीस तास धो धो पाणी. तरी ही पोर झोपण्याआधी घरातली प्रत्येक बाटली, पातेलं, लोटी भरून ठेवायची. एकदा माझ्या कवळीची वाटीसुद्धा काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, "अगं, उद्या सकाळीही येणार आहे पाणी." ती म्हणाली, "येईल, न्ताते. पण मला झोप यायला हवी ना."

"न्ताते म्हणजे?" शुभदावहिनींनी विचारलं.

"त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. वडील म्हणा हवं तर."

आता मी काय केलं ते ऐका. पण त्याआधी पुण्यातलं सांगायला हवं. आमच्या सोसायटीत पेइंग गेस्ट ठेवायला बंदी होती. मी वीस वर्षं ठेवले. सेक्रेटरी दारात आला, "हा मुलगा कोण?" की मी म्हणायचो, "भाचा." असे माझे सतरा भाचे झाले. त्यातला एक सरदारजी होता.

"तोही भाचा?" शिरीषने विचारलं.

"बहिणीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून सांगितलं. सेक्रेटरीने सांत्वन केलं माझं."

शिरीष हसून हसून खोकायला लागला. शुभदावहिनींनी त्याला पाणी दिलं.

दीड वर्षापूर्वीची, नोव्हेंबरातली गोष्ट. सकाळी अकराची वेळ. घरात मी एकटा. आसावरी आणि ऋषभ कामावर, दिनेओ विद्यापीठात. बेल वाजली. दारात एक उंच माणूस आणि एक बाई, दोघांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्रं, बाईच्या हातात टॅब्लेट. अगदी गोड इंग्रजीत म्हणाली, "आम्ही पालिकेकडून आलो आहोत. या पत्त्यावर कोण कोण राहतं, एवढंच पाहायचं आहे. मिस दिनेओ इथे राहतात का?"

दिनेओची पालिकेत या पत्त्यावर नोंद रीतसर होती, बरं का. आसावरीने स्वतः सही करून दिली होती. हे लोक फक्त खात्री करायला आले होते. मी 'हो' म्हणायचं, त्यांनी खूण करायची आणि जायचं. पण मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दारात ओळखपत्रवाला माणूस आणि वर भाडेकरू, एवढंच मला दिसलं. आणि वीस वर्षांचं वळण तोंडातून बाहेर पडलं. भाची म्हणावं तर रंगरूप जुळेना. म्हणून म्हटलं, "नाही. ती गेली."

"कुठे?"

तिथे थांबलो असतो तर काही तरी वाचलं असतं. पण माझा स्वभाव! मी म्हटलं, "ब्राझीलला. लग्न केलं तिने. नवरा जहाजाचा कप्तान आहे. गेल्या मंगळवारी निघाली."

उंच माणसाने खाली बोट दाखवलं. तिथे दिनेओचे जांभळे बूट होते. मी म्हटलं, "माझे." आणि पाय घातला आत. अर्धाच गेला. तसाच लंगडत त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाई सगळं टाइप करून घेत होती. कप्तान, ब्राझील, मंगळवार. आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी खरं मानलं, आणि ते सरकारने.

"अहो, पण ती नोंद..." शुभदावहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा आता हसरा राहिला नव्हता.

तेच तर. इथे सगळं त्या नोंदीवर उभं असतं. तिच्या शिष्यवृत्तीवाल्यांना दर सहा महिन्यांनी पालिकेचा दाखला लागायचा, की बाई याच पत्त्यावर राहते आणि शिकते. दाखला नाही तर शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती नाही तर या देशात राहायची परवानगी नाही. आणि तिची पदवी आठ महिन्यांवर आलेली.

त्या संध्याकाळी मी तिला काही सांगितलं नाही. मी तिला वाचवलं, अशाच गुर्मीत होतो. ती मक्याच्या पिठाची उकड करायची, आपल्या उकडीसारखीच पण घट्ट. मला दोनदा वाढली.

दहा-बारा दिवसांनी तिच्या नावाचं पाकीट आलं, पालिकेचं. मी उचललं. आता विचार करा, ती इथे राहत नाही असं मी सरकारला सांगून बसलेलो. तिच्या नावाचं पत्र या घरात सापडलं तर? मी ते माझ्या बॅगेत, स्वेटरच्या खाली ठेवलं. मग दुसरं आलं. तेही तिथेच. त्यात लिहिलेलं होतं की तुम्ही देश सोडून गेल्याचं कळलं आहे, तसं नसेल तर अमुक तारखेच्या आत कळवा. पण ते मला कळलं फार उशिरा. पत्र डच भाषेत होतं, आणि मी कोणाला वाचायला देणार?

"नीळकंठराव," शिरीष म्हणाला. त्याने हातातला पेला खाली ठेवला.

जानेवारीत ती दाखला आणायला गेली. खिडकीतल्या माणसाने पाहून सांगितलं, "तुम्ही इथे नाही आहात." ती म्हणाली, "मी तुमच्या समोर उभी आहे." तो म्हणाला, "असाल. पण तुम्ही नोव्हेंबरात देश सोडलाय. ब्राझील." पत्राची मुदत टळून गेलेली. नोंद काढून टाकलेली.

ती घरी आली आणि अंगावरचा कोट न काढता जिन्यावर बसली. मला पाहून आधी हसलीच. म्हणाली, "न्ताते, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी लग्न करून निघून गेलेय. जहाजावर." मग हसू थांबलं. म्हणाली, "असं कोण सांगेल माझ्याबद्दल? माझं काय वाकडं आहे कोणाशी?" विद्यापीठात कोणी जळत असेल, असं तिने एकेक नाव घेऊन पाहिलं. एका मैत्रिणीशी तर बोलायचं सोडलं.

शिष्यवृत्तीवाल्यांनी एक महिन्याची मुदत दिली. पालिका म्हणाली, घरातल्या ज्या वयस्कर गृहस्थाने हे सांगितलं, त्याने स्वतः यावं, चूक झाली म्हणून लिहून द्यावं, आम्ही नोंद पूर्ववत करू. म्हणजे सगळं माझ्या एका सहीवर आलं. आणि त्याच दिवसांत ऋषभच्या परमिटचं नूतनीकरण चाललेलं. सासरा सरकारी माणसांशी खोटं बोलला हे बाहेर आलं, तर जावयाच्या परमिटवर येईल, हे घर, ही नोकरी, सगळंच जाईल, अशी धास्ती मला बसली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

"मग?" शुभदावहिनींनी विचारलं.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि गेलो. वारा समोरून असा की सायकल जागच्या जागी उभी. मी पॅडल मारतोय आणि बदकं मला मागे टाकून चालत पुढे जाताहेत. खिडकीशी पोहोचलो, दोन्ही पाकिटं काचेखालून आत सरकवली. म्हटलं, "मीच तो म्हातारा. मी खोटं बोललो. ती मुलगी कुठेही गेलेली नाही. माझं काय करायचं ते करा, तिचं नाव परत लिहा." खिडकीतला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग उठून बाहेर आला आणि माझ्याशी हात मिळवला.

शुभदावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला आणखी बळ आलं.

नोंद झाली. शिष्यवृत्ती राहिली. ऋषभच्या परमिटला काडीचा धक्का लागला नाही, उगाच घाबरलो होतो मी. गेल्या जुलैत पदवी मिळाली तिला. मोठं सभागृह, सगळे काळ्या झग्यात, आणि दिनेओ एकटी त्यावर ती गावाची घोंगडी पांघरून व्यासपीठावर चढली. मी पहिल्या रांगेत. तिथून मला हाक मारली तिने, सगळ्यांसमोर, "न्ताते!" आता तिकडे क्वाक्वात आहे. तिच्या हाताखाली चाळीस माणसं, आणि गावात रोज सकाळी पाणी. म्हणून ती खोली आम्ही कोणाला दिली नाही. तिची आठवण म्हणून.

शिरीष पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "नीळकंठराव, तुमच्या बाकीच्या गोष्टी सोडा. होड्या, बदकं, भाचे. पण हे मात्र मला पटलं हं. चूक कबूल करायला छाती लागते."

शुभदावहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होत्या. मी वळलो.

आसावरी पॅसेजमध्ये उभी होती. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. त्या खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

"कसली पाकिटं, अण्णा?"

"अगं, ते मी आपलं..."

"खोटं आहे हे," ती शिरीषला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "काका, कुठला पदवीदान समारंभ? दिनेओला गेल्या वर्षी मार्चमध्येच मी विमानतळावर सोडलं. आता ती तिकडे एका दुकानात गल्ल्यावर बसते. हे पालिकेत गेलेच नव्हते. मी गेले होते, तिला घेऊन, तीनदा. ते म्हणाले, वडिलांना एकदा पाठवा. मी घरी येऊन यांना विचारलं. हे म्हणाले, दारावर कोणी आलंच नव्हतं, पालिकेचेच लोक खोटं बोलताहेत." तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "आणि अण्णा, मी तेच लिहून दिलं. खाली सही करून."