व्हर्लीनचे पंधरा दिवस

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यात, जेवणाच्या खोलीत, कॉफीच्या यंत्राशेजारी मी सव्वीस वर्षं टांगलेला आहे. माझं अंग बुचाचं. टाचण्यांनी त्याची पार चाळण झाली आहे, पण माझी तक्रार नाही. टाचणी टोचली की कोणीतरी आपल्याकडे बघणार, एवढं मला कळतं.

सरकारी नियमाप्रमाणे माझ्यावर कामगारांच्या हक्कांचा एक मोठा कागद लावला होता. बारीक अक्षरं, चित्र एकही नाही. तो कोणी वाचला नाही. मग त्याच्यावर हरवलेल्या मांजराचा फोटो आला, सॉफ्टबॉलचं वेळापत्रक आलं, आणि चार टाचण्या ठोकून व्हर्लीनची यादी आली. शुक्रवारी प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, त्याची ती यादी. तिच्यामुळे माझ्यापुढे गर्दी जमे आणि मी फुलून जाई.

व्हर्लीन बरण्यांना झाकणं लावायच्या यंत्रावर काम करते. तिची लेक कॅसी फौजेत, दूरदेशी. अकरा महिन्यांनी तिला पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली. व्हर्लीन लगेच मुकादम ड्वेनकडे रजा मागायला गेली.

"ऐन हंगामात?" ड्वेन म्हणाला. "घरात आजारपण आहे का? बाळंतपण?"

"लेक येतेय."

"ती ठणठणीत आहे ना? मग रजा नियमात बसत नाही. गेलीस तर जागा राहील असं मी सांगू शकत नाही."

व्हर्लीन माझ्यासमोर बसून राहिली. डबा तसाच. मला फार वाईट वाटलं.

लेबलं लावणारी म्हातारी मिस ओपल नवी यादी लावायला आली. जुनी काढली आणि खालचा हक्कांचा कागद दिसताच चष्मा सावरत थबकली.

"व्हर्लीन, इकडे ये. सैनिक परदेशातून सुट्टीवर आला तर नवरा-बायको, आईबाप, मुलं, सगळ्यांना पंधरा दिवसांपर्यंत रजा. आणि नोकरी शाबूत. तूच झाकून ठेवलंस की, बाई."

"मी? बटाट्याच्या सॅलडच्या यादीखाली?"

ड्वेनला बोलावलं. त्याने दोनदा वाचलं, कान खाजवला. "मला वाटलं, हे यंत्राच्या सुरक्षेचं असेल." त्याने मोठ्या ऑफिसला फोन लावला आणि परत येऊन म्हणाला, "पगार मिळणार नाही. पण जा. पोरीसाठी दोन बरण्या घेऊन जा."

पंधरा दिवस संपले. कॅसी परत गेली. सोळाव्या दिवशी व्हर्लीन आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा समाधानी होता. यंत्रावरची तिची जागा तशीच होती. एप्रन बांधण्याआधी ती माझ्याकडे आली आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला.

मित्रांनो, माझ्यावर मांजरं लावा, सॅलड लावा, मला आवडतं. फक्त टाचणी मारण्याआधी खालचा कागद वाचत जा. त्या दिवशी मिस ओपलने चष्मा घातला नसता, तर कॅसी रिकाम्या घराचं दार वाजवत उभी राहिली असती.