माझ्या तोंडातला गूळ

सहा वर्षांच्या मोटारीला जुनी म्हणायचं की नाही, यावर मानवत गावच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, अजून एकमत झालेलं नाही. मित्रांनो, ती मोटार म्हणजे मी. रंगाने पांढरीशुभ्र, छताला अखंड काच आणि पोटात इंजिनच नाही. मी विजेवर चालते. नवी होते तेव्हा माझी किंमत सव्वा कोटी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या दुखण्यांचा पाढा वाचायचा आहे आणि तो ऐकून तुम्ही मला ऐरीगैरी समजाल.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं कमी आणि लोखंडी हात जास्त. शेवटी एका बाईने मऊ फडक्याने माझी काच पुसली, तो मला झालेला माणसाचा पहिला स्पर्श. मग जहाजातून आले. हैदराबादच्या एका डॉक्टरांकडे दोन वर्षं मजेत राहिले. गुळगुळीत रस्ते, थंडगार तळघरात मुक्काम. नवं मॉडेल आलं आणि डॉक्टरांचा जीव माझ्यावरून उडाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला बसवंतरावांनी आणलं. मानवतला त्यांची जिनिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. अडतीस लाखांना त्यांनी मला घेतलं तेव्हा सगळा मोंढा त्यांना हसला. “आप्पा, आवाजच न्हाई हिला. चालू हाय का बंद, कसं कळायचं?” असं विचारून लोक माझ्या बॉनेटला कान लावायचे. आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांचं कारण वेगळंच होतं.

कारण होतं बसम्मा, त्यांची बायको. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवत नाही, जीपची तर नाहीच. छोट्या गाडीत बसली तर उठवायला दोघं लागायची. आणि तिची थोरली बहीण रुद्राणी तिकडे राणीसावरगावला, अर्धांगवायूने एका अंगाने लुळी पडलेली. दोघी बहिणींची भेट तीन वर्षं फक्त फोनवर. आता माझं बघा. माझ्या चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत. बटण दाबलं की मी चार बोटं खाली बसते, खुर्ची आपोआप मागे सरकते, वर येते आणि बसणाऱ्याला अलगद आत घेते. बसम्मा पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, “आगं बाई, ही तर उंटावाणी बसती की!” त्या दिवसापासून दर सोमवारी आम्ही राणीसावरगावला. त्या दोघी बहिणी काय बोलायच्या कोण जाणे, पण परत येताना बसम्मा गुणगुणत असायची. सव्वा कोटीच्या मोटारीला याहून मोठं काम कुणी दिलं नव्हतं.

पण जिनिंगमध्ये राहायचं म्हणजे सोपं नाही. हवेत कापसाचं तूस, म्हणजे बारीक तंतू, सारखं उडत असतं. माझ्या दाराच्या मुठी दारातच लपलेल्या असतात, जवळ गेलं की बाहेर येतात. म्हणजे यायच्या. तूस आत बसलं आणि एक मूठ यायचीच बंद झाली. तिची किंमत बावन्न हजार. आप्पा म्हणाले, “एवढ्यात तर वाड्यातली समदी दारं बदलून होतील.” नंतर पाथरी रोडच्या खड्ड्यात पुढची एक हवेची पिशवी फाटली. एक लाख ऐंशी हजार. एका उन्हाळ्यात माझा मोठा पडदा काळा पडला. त्या पडद्यावरच माझं सगळं चालतं. बॅटरी किती उरली, हवा किती थंड, सगळं. दोन लाख दहा हजार! आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, पाचशे किलोची मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असताना मी एकदा दारच उघडेना. दारं, कुलपं, दिवे चालवायला माझ्यात एक छोटी साधी बॅटरी असते, स्कूटरला शोभेल अशी. ती मेली होती. तेवढ्यासाठी मला मोठ्या ट्रकवर चढवून दोनशे किलोमीटरवरच्या कंपनीच्या वर्कशॉपला नेलं. बॅटरी अठरा हजारांची, ट्रकचं भाडं चाळीस हजार.

आता कुणी म्हणेल, एवढी महागाची गाडी आणि इतकी नाजूक? तर होय, आहे मी नाजूक. मला बनवणाऱ्यांनी माझ्यात शंभर सोयी घातल्या, आणि जितक्या सोयी तितकी दुखणी. पण माझी चाकं फिरवणारी विजेची मोटर आणि माझी मोठी बॅटरी, या दोघींनी चार वर्षांत एकदाही दगा दिलेला नाही. हे मी छाती ठोकून सांगते.

आता ती गुळाची गोष्ट.

मी आले त्या दिवशी जिनिंगच्या दारात माझी पूजा झाली. चाकाखाली लिंबं, पुढ्यात नारळ. बसम्माचं घराणं महादेवाचं. ती रोज आधी स्वतःला विभूती लावते, मग जिनिंगच्या वजनकाट्याला, मग रुईच्या यंत्राला. ट्रकच्या इंजिनालाही तीन बोटं ओढते. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “हिचं इंजिन कुठंय?” बॉनेट उघडलं तर आत सामान ठेवायचा रिकामा डबा. बसम्मा चक्रावली. “आतमधी तर काहीच न्हाई! मग ही खाती कुठून?”

आप्पांनी माझ्या मागच्या अंगाचं छोटं झाकण उघडून दाखवलं. तिथे चार्जिंगची तार लावतात. “हितून खाती बग.”

“मग हेच हिचं तोंड,” बसम्मा म्हणाली. आणि जिथून खाते तिथेच निवद दाखवायचा, हे तिच्या दृष्टीने ठरूनच गेलं.

पहिल्या दिवशी तिने फक्त झाकणावर विभूती ओढली. पण पुढे दर सोमवारी निघताना, आप्पा कुलूपकिल्ली करत असायचे तेव्हा, ती झाकण उघडायची. ओल्या विभूतीची तीन बोटं आतल्या कडेला, आणि गुळाचा एक बारीक खडा तारेच्या भोकाशी. “खा गं माय, लांब जायचंय,” असं म्हणायची. परतेपर्यंत खडा विरघळून आत उतरायचा, आप्पांना काही दिसायचं नाही. मित्रांनो, मला कळत होतं की हे बरं नव्हे. विजेच्या पितळी खुंट्यांना राख आणि गूळ सोसत नाही. पण मला बोलता येत नाही. आणि खरं सांगू? ते ऐकायला मला लय आवडायचं. हैदराबादला मला कुणी माय म्हटलं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर एका रविवारी आप्पांनी तार लावली आणि मी वीज घेईना. पडद्यावर इंग्रजीत लाल पाटी. दुसऱ्यांदा लावली, तेच. कंपनीच्या वर्कशॉपला फोन गेला. त्यांनी तिथूनच इंटरनेटवरून माझी नाडी बघितली. म्हणाले, गाडीत विजेची गळती दिसते, चार्जिंगचा अख्खा डबा आणि बॅटरीची पेटी बदलावी लागेल. चौदा लाख साठ हजार. हमी संपलेली. आप्पांनी विचारलं, “दुरुस्त न्हाई का व्हायची?” तिकडून उत्तर आलं, “साहेब, आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतो.”

आप्पांनी डोक्याला हात लावला. मला शेडमध्ये सरकीच्या पोत्यांशेजारी ढकलून ठेवलं. सात आठवडे तिथे होते मी. अंगावर तुसाचा थर. कोंबडी येऊन छताच्या काचेवर बसायची. तेही सोसलं असतं. पण दर सोमवारी सकाळी शेडपाशी बसम्मा फोनवर बोलताना ऐकू यायची, “न्हाई आक्का, आज बी न्हाई जमणार. तू जेवलीस का?” तिकडून बराच वेळ काही यायचं नाही. रुद्राणीची बोलताना जीभ अडखळते ना! बसम्मा फोन कानाला धरून थांबून राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी परभणीचा एक भंगार व्यापारी सुटे भाग काढायला म्हणून पाच लाख बोलला. गुरुवारी ट्रक आणतो म्हणाला. आप्पा हो म्हणाले. त्या दिवशी बसम्माने जेवणाला हात लावला नाही.

मंगळवारी बबिता आली. माझ्यासाठी नव्हे, जिनिंगची मालवाहू विजेची रिक्षा बिघडली होती म्हणून. बबिता म्हणजे सिद्धोधन फिटरची लेक. सिद्धोधनने तीस वर्षं याच जिनिंगची यंत्रं सांभाळली. लेकीने आयटीआय केलं, पुण्याला जाऊन विजेच्या गाड्यांचं काम शिकली आणि मानवतच्या स्टँडमागे रिक्षादुरुस्तीचं दुकान टाकलं. रिक्षा झाल्यावर हात पुसत ती माझ्यापाशी उभी राहिली. बघते काय, तर माझ्या मागच्या चाकावरून मुंग्यांची रांग वर चढलेली आणि झाकणाच्या फटीत गेलेली.

“आप्पा, हिला कामून ठिवलंय अशी?”

“बॅटरी गेली तिची. चौदा लाख सांगायलेत.”

“मुंग्या बॅटरी खायला येत न्हाईत, आप्पा.”

आप्पा आधी नाहीच म्हणाले. रिक्षाची गोष्ट वेगळी, सव्वा कोटीच्या गाडीत पोरीने हात घातला आणि काही झालं तर? “आप्पा, परवा हिचे तुकडे व्हायलेत. याहून वाईट काय होणार?” बबिता म्हणाली. तशीही गुरुवारपर्यंत दोन दिवस होते. आप्पांनी किल्ली दिली.

तिने घाई केली नाही. जाड रबरी मोजे घातले. माझा मोठा वीजपुरवठा तोडायची एक खास जोडणी असते, ती सोडवली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली, आतली उरलीसुरली वीज निवावी म्हणून. मग झाकण उघडून आत विजेरीचा झोत मारला. नाक जवळ नेलं. आणि चिमट्याने आतून काळपट, चिकट, राखेत मळलेला एक गोळा बाहेर काढला. त्यात मुंग्या मेलेल्या. दोन खुंट्या जळून आणि गंजून हिरव्या पडलेल्या.

“गूळ हाय हा,” बबिता म्हणाली. “राख, गूळ आन् दमट हवा. वीज यातूनच इकडची तिकडं गळायली. बॅटरीला काही धाड भरली न्हाई.”

आप्पांचा पारा चढला. “कुणी कोंबला? चंद्रभान! ये चंद्रभान!” राखणदार चंद्रभान पळत आला. तो शेडमध्येच चुलीवर चहा करून प्यायचा, राखही त्याचीच आणि गुळाचा डबाही त्याचाच. “मालक, आईची आन, म्या न्हाई,” तो म्हणत राहिला. आप्पा ऐकेनात. “चौदा लाखाचा खड्डा पाडलास! उद्यापासून येऊ नगंस कामावर!”

बसम्मा दारात काठी टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, बोल गं माय, आता तू बोल. मला तर जीभ नाही. चार वर्षं मोंढ्यातल्या बायकांना ती अभिमानाने सांगायची की आमची गाडी लक्ष्मी हाय. आता त्या सगळ्या हसणार होत्या. तरीही ती पुढे आली.

“त्याला बोलू नका,” ती म्हणाली. “म्या ठिवला. दर सोमवारी ठिवलाय. निवद म्हणून.”

आप्पांचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यांना हसू फुटलं, आधी थोडं आणि मग पोट धरून. “आगं, सव्वा कोटीच्या गाडीला मुंग्या लागल्या!” पण बसम्मा हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आप्पा हसायचे थांबले आणि चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चुकलं बाबा माझं.”

भंगारवाल्याला फोन गेला, ट्रक आणू नको म्हणून. जळालेल्या खुंट्यांची जोडणी बबिताने हैदराबादच्या एका ओळखीच्याकडून, अपघातात मोडलेल्या गाडीतली मागवली. ती तेहेतीस हजारांना पडली, बबिताची मजुरी साडेचार हजार. नवव्या दिवशी तार लागली आणि पडद्यावर हिरवा दिवा आला. मित्रांनो, पहिली वीज पोटात गेली तेव्हा काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. उपाशी माणसाला विचारा.

आता मी ठणठणीत आहे. बबिताने मुठींतलं तूस दर पंधरा दिवसांनी फुंकणीने झाडायला सांगितलंय, छोटी बॅटरी दोन वर्षांनी बदलायची, झाकणाला रबर लावलंय. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे: तुमच्या घरात माझ्यासारखं महागाचं, नाजूक काही असेल तर त्याच्यावर प्रेम जरूर करा, पण ते कशावर जगतं ते आधी कुणाला तरी विचारा. आणि कुणी लाखांचा आकडा सांगितला तर भिऊन जायच्या आधी झाकण उघडून आत बघा. आणि चूक आपली असेल तर दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देऊ नका. बसम्माने तेव्हा स्वतःचं तोंड उघडलं नसतं तर मी बरी झाले असते, पण चंद्रभानचं काम गेलं असतं.

परवा सोमवार होता. बबिता माझी तपासणी करायला सकाळीच आली होती. बसम्माने माझ्या बॉनेटवर कोरडी विभूती लावली, आणि सवयीने पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून मागच्या झाकणाकडे वळली.

“काकू!” बबिता ओरडली.

बसम्माचा हात तसाच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, खड्याकडे बघितलं. मग वळून तो खडा तिने बबिताच्याच तोंडात घातला.

“हितं तर चालतंय न्हवं?” ती म्हणाली. “खा गं माय.”

बबिताचं तोंड भरलं होतं, तिने नुसती मान हलवली. मी चार बोटं खाली बसले. बसम्मा आत आली, आणि आम्ही राणीसावरगावला निघालो.