पटक्याच्या मापाचं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतोय. आवाज जरा घुमल्यासारखा येतोय, मला माहीत आहे. आत डोकं नसलं की आमचा सगळ्यांचाच आवाज असा येतो. माझ्यात तर डोकं असतानाही बरीच जागा शिल्लक राहायची.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. वरून कडक कवच, आत जाड थर्माकोल, त्यावर मऊ अस्तर आणि हनुवटीखाली पट्टा. मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: सहाशे वीस. म्हणजे बासष्ट सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी. एवढी डोकी जगात असतात, पण फार नसतात. जाता जाता माझ्या दोन्ही अंगांना लाल ज्वाळा रंगवल्या. डोक्याला आग लागलेला माणूस कुणाला आणि का चांगला दिसतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तिथून मी आलो बारामतीला, एसटी स्टँडच्या अलीकडं असलेल्या रेश्माताईंच्या दुकानात. टायर, ट्यूब, ऑइलचे डबे, सीट कव्हरं आणि भिंतभर आम्ही. वरच्या फळीवर मी आठ महिने काढले आणि माणूस हेल्मेट कसं घेतो ते फुकटात बघितलं. आधी तो बोटाच्या पेरानं टकटक करतो, नारळ घेताना करतात तसं. मग गाडीच्या रंगाशी जुळतंय का बघतो. मग आरशासमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढतो. शेवटी विचारतो, "यात फोन ऐकू येईल का?" डोक्याला नीट बसतंय का, हा प्रश्न आठ महिन्यांत दोघांनी विचारला. त्यातले एक चष्मेवाले मास्तर होते, आणि दुसरा आधी एकदा पडलेला होता.

दिवाळी आठ दिवसांवर आली असताना सणसरहून बिरदेव आबा आले. सोबत बायको छबूबाई आणि मुलगी स्वप्नाली. आबांच्या डोक्यावर गुलाबी पटका, चांगला ऐसपैस. पूर्वी घरात मेंढरं होती, आता चार गाई आणि थोडा ऊस, पण पटक्याचा घेर काही कमी झालेला नव्हता.

बाकीची हकिगत छबूबाईंनी कुणी न विचारता पाच मिनिटांत सांगून टाकली. स्वप्नालीला दूध संघात नोकरी लागली होती. माजावर आलेल्या गाई गोठ्यावर जाऊन कृत्रिम रेतनानं भरवायच्या, म्हणजे गाभण करायच्या, हे तिचं काम. गाय माजावर आली की एका दिवसाच्या आत काम उरकावं लागतं. ती काही एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणं थांबून राहत नाही. म्हणून आबांची मोटारसायकल स्वप्नालीला मिळणार होती. गाडी ती माळावर तीन आठवड्यांत शिकली होती. आबांची अट एकच होती: एकदा जरी पडली, तरी किल्ली परत. किल्ली गेली की नोकरीही गेली, हे तिघांनाही कळत होतं.

रेश्माताईंनी गळ्यातला टेप काढला. "ताई, स्कार्फ सोडा, क्लचर काढा. डोक्याचं माप घेते."

"डोक्याचं माप?" आबा हसले. "तिला काय झंपर शिवायचाय व्हय? आवो, हेल्मेट घ्यायचं तर सगळ्या घराला झालं पायजे. बाजाराच्या दिशी गाडी मी आणतो. पावणं आलं तर तेबी नेत्यात."

"काका, हेल्मेट ज्याचं त्याला लागतं."

"आमच्या घरात छत्री एकच हाय. बॅटरी एकच हाय. मग हेल्मेटच काय लाडाचं?"

आबांनी एकेक हेल्मेट डोक्यावर ठेवायला सुरुवात केली. रेश्माताई म्हणाल्या, पटका तरी काढा. आबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू धोतर सोडायला सांगितलंय. चारचौघांत पटका उतरवायचा नसतो. मग काय, पाचशे साठ, पाचशे ऐंशी, सहाशे, सगळी त्या पटक्यावर पातेल्यावरच्या झाकणासारखी टेकून राहिली. शेवटी मला खाली काढलं. मी मात्र पटक्यासकट गपकन कानापर्यंत गेलो.

"ह्ये बसलं!" आबा आतून ओरडले.

मग स्वप्नालीनं मला घातलं. खाली क्लचरमध्ये अडकवलेला केसांचा गोळा, त्यावर स्कार्फाचे दोन वेढे, आणि तरीही मी तिच्या डोक्याभोवती गरागरा फिरलो असतो. तिनं मान हलवली. मान हलली, मी मागाहून हललो.

"आबा, ह्ये ढिलं हाय."

"नवं हाय. बसंल."

नवी चप्पल चावते आणि वापरून सैल होते, हे आबांना पक्कं ठाऊक होतं. सैल वस्तू वापरून घट्ट होईल, हे त्यांनी कुठून काढलं कुणास ठाऊक. पण माझाही गुन्हा सांगतो. आठ महिने फळीवर धूळ खाल्ली होती. मला विकलं जायचं होतं. मी गप्प बसलो.

घरी मला हळदकुंकू लागलं, गाडीपुढं नारळ फुटला. दुसऱ्याच दिवशी स्वप्नालीनं तक्रार केली की मी डोळ्यांवर येतो. छबूबाईंनी विचार केला. आयुष्यभर त्यांनी डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहिले होते, आणि डोक्यावर ओझं डुगडुगलं तर त्याखाली काय ठेवायचं हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी जुन्या लुगड्याचं फडकं पिळून, गोल वळून झकास चुंबळ केली आणि माझ्या आत बसवली.

"घाल आता. हालतंय का बघ."

मी वर उचलला गेलो आणि डोक्यावर ऐटीत उभा राहिलो. कारखान्यानं मला हेल्मेट केलं होतं, छबूबाईंनी माझा हंडा केला.

सांगायला नको, पण घरात डोकं सोडून सगळं माझ्यात ठेवून झालं. अंडी ठेवली. लसूण ठेवला. एका दुपारी तांबडी कोंबडी येऊन बसली आणि तिला मी इतका पसंत पडलो की उठेचना. बरोबर मापात बसलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं गिऱ्हाईक.

रस्त्यावर मात्र माझी लाज निघायची. गाडीनं चाळीसचा वेग गाठला की वारा मला मागं ओढायचा आणि पट्टा पोरीच्या गळ्याला लागायचा. गतिरोधक आला की मी पुढं डोळ्यांवर यायचो. मागून काय येतंय ते बघायला तिनं मान वळवली, की मी समोरच बघत राहायचो आणि तिला माझ्या अस्तराचं दर्शन व्हायचं. बिचारी डावा हात सोडून मला मागं ढकलायची. एका हातानं क्लच दाबायचा की हेल्मेट धरायचं, असा प्रश्न नव्या गाडीवालीला पडू नये.

उसाचा हंगाम सुरू झाला. एके दिवशी सकाळी लासुर्ण्याच्या दत्तोबांचा फोन आला. गाय आदल्या संध्याकाळपासून माजावर होती, लवकर या. स्वप्नालीनं वळूच्या वीर्याच्या कांड्या गार ठेवणारी नायट्रोजनची टाकी मागं बांधली आणि निघाली. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर डुलत चालला होता. ती त्याच्या मागं शहाण्यासारखी राहिली होती, घाई केली नाही, हे मी शपथेवर सांगतो. ट्रॅक्टर फाट्याला वळला, तिनं गाडी जरा पळवली, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाखाली दडलेला गतिरोधक तिला दिसला नाही.

गाडी उडाली. चुंबळ सरकली. मी धाडकन तिच्या नाकापर्यंत आलो आणि तिच्यासमोर काळोख झाला. हँडल डावीकडं गेलं. पुढचं चाक रस्ता सोडून रानात शिरलं, आणि ती पडण्याच्या आधीच मी तिच्या डोक्यावरून सुटलो. रस्त्याकडेच्या दगडावर आपटलो, दोन उड्या मारल्या आणि ओढ्याच्या कडेला जाऊन थांबलो. माझा पट्टा लावलेला होता. अगदी व्यवस्थित, बकलासकट लावलेला. आत फक्त चुंबळ होती.

उघड्या डोक्यानं पोरगी रानात पडली. रान दत्तोबांचंच, आदल्या दिवशी भिजवलेलं होतं. चिखल गुडघाभर. कोपर सोललं, कानात चिखल गेला, बाकी काही नाही. दत्तोबा बांधावरून धावत आले.

"आवो बाई, तुमी हितं अन् टोपडं तितं! लागलं का न्हाय?"

"न्हाय. टाकी बघा आधी, सांडली का?"

टाकी शाबूत होती. स्वप्नालीनं पाटाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत धुतले, गोठ्यात गेली आणि आधी गाय भरवली. सगळं झाल्यावर गोठ्याच्या खांबाला टेकून बसली आणि मग मात्र घळाघळा रडली. दत्तोबांच्या बायकोनं चहा दिला. दत्तोबा मला हातात घेऊन उलटंपालटं करत होते. "घरी सांगू नगा बाई," ते म्हणाले, "मी बी कुणाला सांगत न्हाय."

सगळ्या वाटेवर तिच्या मनात तेच चाललं असणार. चिखल धुता येतो, कोपर बाहीखाली झाकता येतं. माझ्यावरचा ओरखडा ज्वाळांमध्ये लपून गेला असता. पण ती घरी आली ती सरळ आबांच्या पुढ्यात उभी राहिली.

"आबा, मी पडले."

आबांनी हात पुढं केला. तिनं किल्ली त्या हातावर ठेवली. छबूबाई तोंडाला पदर लावून उभ्या.

"आता पटका काढा," स्वप्नाली म्हणाली.

"आँ?"

"घरातच हाय की आपण. काढा."

तिचा आवाज असा होता, की आबांनी पटका काढला. आत लहानसं, पांढऱ्या खुरट्या केसांचं डोकं निघालं. तिनं माझ्यातली चुंबळ फेकली, मला त्या डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला, बोटं घालून बघितला. मग मागं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माझी मागची कड वर, पुढच्या बाजूला उचलली. मी सुळकन तिच्या हातात आलो.

"पट्टा तसाच हाय बघा," ती म्हणाली. "असंच निघालं. पडायच्या आधीच."

आबांनी मला घेतलं. पुन्हा स्वतः घातलं, पुन्हा पट्टा लावला, पुन्हा मागून ओढलं. तिसऱ्या खेपेला ते थांबले. मला मांडीवर घेऊन खाली बसले.

"रान भिजवलेलं नसतं तर," ते म्हणाले, आणि माझ्यावरचा ओरखडा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "माप माज्या पटक्याचं घेतलं, अन् रस्त्यावर धाडलं तुला."

मला लाज वाटली. लाज वाटायला डोकं लागतं असं म्हणतात, पण मला वाटली.

दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन दुकानात शिरले ते टेप कुठाय असं विचारतच. स्वप्नालीनं केस सोडून खाली सैल वेणी घातली, स्कार्फ बाजूला ठेवला. रेश्माताईंनी भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवला. छप्पन सेंटिमीटर. फळीवरून पाचशे साठचं साधं, पांढरं हेल्मेट निघालं. ज्वाळा वगैरे काही नाही.

ते चढवताना स्वप्नालीचे कान दुमडले. "ताई, गालाला लई घट्ट होतंय."

"गालाला होऊ द्या. आतला स्पंज थोडा दबतो. कपाळ दुखलं तर सांगा, मग ते आपलं नाही. पंधरा मिनिटं घालून बसा."

आबांनी चहा मागवला. ते प्याले, छबूबाई प्याल्या, रेश्माताई प्याल्या. स्वप्नाली गाल फुगवून बघत बसली. पंधरा मिनिटांनी तिनं मान हलवली, हेल्मेट मानेबरोबर हललं. कपाळ दुखत नव्हतं. मग आबांनी मागून कड धरली आणि असं ओढलं, की पोरगी स्टुलावरून उठली.

"आबा! मान!"

हेल्मेट जागचं हललं नाही. आबांनी आणखी एकदा ओढून खात्री केली, कोपरीच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. "जा," ते म्हणाले, "गाय खोळंबली असंल कुणाची तरी." ती निघाली. माझ्याकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

आबा मला पाहुण्यांसाठी घरी नेणार होते. रेश्माताईंनी नेऊ दिलं नाही. आपटलेल्या हेल्मेटचा आतला थर्माकोल दबला की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर रंगानं लिहिलं, 'विकायचं नाही', आणि मला गल्ल्याजवळच्या खिळ्याला टांगलं. आता कुणी "बसंल की" म्हणालं की त्या मला काढतात, त्याच्या डोक्यावर चढवतात, पट्टा लावतात आणि मागून उचलतात. मी दिवसातून पाच-सहा वेळा लोकांच्या डोक्यावरून निघून येतो. एवढं एकच काम मला जमतं, आणि ते मी मनापासून करतो.

तुम्हीही कधीतरी याल. पटका, टोपी, स्कार्फ, क्लचर, जे काही डोक्यावर असेल ते उतरवा आणि टेप फिरवू द्या. मी आवडलो तरी मला मागू नका. ज्वाळा छान आहेत, मान्य. पण मला अख्ख्या घरासाठी घेतलं होतं, आणि लासुर्ण्याच्या रस्त्यावर पडली ती एकटी स्वप्नाली.